बुलंद दरवाज्यावर खानदेशाचे नाव: फतेहपूर सिक्रीची जामा मशीद

तापीकाठ
गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन आग्र्याला गेलो होतो. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे तिकिटे काढताना ध्यानात आले नव्हते, म्हणून तो दिवस फतेहपूर सिक्रीसाठी ठेवला आणि सकाळी लवकर तिथे पोहोचलो. राजवाड्यांचा भाग पाहून झाल्यावर आम्ही मशिदीच्या दक्षिणेला उतरलो आणि खालच्या रस्त्यावरून मान वर करून बुलंद दरवाजा पाहिला. वडील बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

सोबतच्या वाटाड्याने नेहमीची माहिती सांगितली, की अकबराने गुजरात जिंकला त्याची आठवण म्हणून हा दरवाजा उभारला. वडील जळगाव जिल्ह्यातल्या शाळेत चाळीस वर्षे इतिहास शिकवत होते. त्यांनी शांतपणे विचारले, "मग या लेखात खानदेशाचे नाव कशासाठी आहे?" वाटाड्याला त्याचे उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही आले नसते. दरवाज्यावरच्या फारसी लेखात अकबराने दख्खन आणि 'दानदेस', म्हणजे पूर्वीचा 'खानदेस', जिंकल्याचा उल्लेख आहे. इलाही सन (अकबराने स्वतः सुरू केलेली कालगणना) ४६, हिजरी सन १०१० असा काळ त्यात दिला आहे, आणि बादशहा फतेहपूरला पोहोचून पुढे आग्र्याला गेला असेही म्हटले आहे. म्हणजे हा लेख १६०१ च्या सुमाराचा झाला. गुजरातचा विजय १५७३ चा आहे.

माझा प्रश्न असा आहे, की हा दरवाजा नेमका कोणत्या विजयाचा मानावा? आणि दुसरे असे, की आपल्या भागातून इतके लोक दरवर्षी तिथे जातात, त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या मुलखाचे नाव तिथे कोरलेले आहे हे ठाऊक असते?

गडवाटा
फार चांगला प्रश्न मांडला आहे. शाळेच्या पुस्तकापासून माहितीफलकापर्यंत सगळीकडे गुजरातच्या विजयाचेच कारण दिलेले असते, आणि त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. १५७३ मध्ये गुजरातेत बंड झाले, तेव्हा अकबर ऐन पावसाळ्यात सिक्रीहून निघाला आणि थोड्याशा निवडक स्वारांसह नऊ दिवसांत अहमदाबादजवळ जाऊन पोहोचला. ती मोहीम त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत विलक्षण मोहीम होती. सिक्रीला फतेहपूर हे नाव त्याच विजयामुळे मिळाल्याचे मानले जाते. नगराचे नावच विजयावरून पडले असेल, तर दरवाजाही त्याच विजयाचा, असे लोकांनी जोडणे स्वाभाविक आहे.

माझे मत असे आहे, की दरवाजा आधीचा आणि लेख नंतरचा. त्याचे कारणही साधे आहे. १५८५ मध्ये दरबार लाहोरकडे निघून गेला. राजधानी सोडून सोळा वर्षे लोटल्यावर त्या ओस नगरात एवढे अवाढव्य बांधकाम कोण काढील?

वास्तुरेषा
माझा व्यवसाय वास्तुरचनेचा आहे, म्हणून इमारत स्वतः काय सांगते ते लिहिते.

ही मशीद मुळात १५७१-७२ ची आहे. तिची आखणी पाहिली तर मोठे अंगण, पश्चिमेला प्रार्थनागृह, भोवती ओवऱ्या आणि पूर्वेला बादशाही दरवाजा, असा सगळा मेळ एका मापाचा आहे. राजवाड्याकडून बादशहा ज्या दाराने येत असे तो पूर्वेचा दरवाजा देखणा आहे आणि अंगणाच्या उंचीला साजेसा आहे. बुलंद दरवाजा मात्र या मापात बसत नाही. तो पायथ्याच्या जमिनीपासून १७६ फूट आणि वरच्या फरशीपासून १३४ फूट उंच आहे. अंगणात उभे राहून पाहिले, तर तो प्रार्थनागृहाच्या मुख्य कमानीलाही झाकोळून टाकतो. मूळ आराखड्यात दक्षिणेला पूर्वेसारखाच एखादा मध्यम दरवाजा असावा आणि तो काढून हा नंतर बांधला असावा, असे मला प्रत्यक्ष पाहिल्यावर वाटले, आणि पुष्कळ अभ्यासकांचेही तसेच मत आहे. तो नंतर म्हणजे केव्हा बांधला, हे मात्र इमारत सांगत नाही.

इथे एका गोष्टीकडे सर्वांचे लक्ष वेधायचे आहे, कारण ती पाहण्यासाठी घाईत असलेला माणूस थांबत नाही. एवढ्या उंच दरवाज्यातून शेवटी माणसालाच जायचे असते. कमान शंभर फुटांची आणि आत जाणारे दार माणसाच्या मापाचे, हे दोन्ही एकत्र कसे आणायचे, हा कोणत्याही रचनाकारापुढचा अवघड प्रश्न आहे. इथे तो फार सुंदर रीतीने सोडवला आहे. दर्शनी भाग पुढे आलेला असून त्याच्या कडा तिरक्या कापल्या आहेत, त्यामुळे समोरून अर्धा अष्टकोन दिसतो. मधल्या भागात खोल कमान आहे, तिच्या माथ्यावर अर्धा घुमट आहे आणि त्या घुमटाखालच्या मागच्या भिंतीत नेहमीच्या मापाची दारे आहेत. पायऱ्या चढताना प्रथम कमान दिसते, मग तिची सावली अंगावर येते आणि मग दार दिसते. आतल्या बाजूने हीच इमारत टप्प्याटप्प्याने खाली उतरत अंगणाच्या उंचीशी येऊन मिळते. लाल आणि पिवळसर वालुकाश्मात पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्या बसवल्या आहेत आणि माथ्यावर छत्र्यांची रांग आहे. त्यामुळे एवढा मोठा दगडी डोंगरही जड वाटत नाही.

सुमती_दे
वास्तुरेषाताई, तुम्ही लिहिलेले वाचताना त्या पायऱ्या पुन्हा चढल्यासारखे वाटले. मी तिथे दोनदा गेले आहे. पहिली भेट मात्र एका कडवट अनुभवामुळे लक्षात राहिली. गाडीतळावरच एक माणूस आमच्यामागे लागला. "मी वाटाड्या नाही, दर्ग्याचा सेवक आहे, पैसे घेत नाही," असे म्हणत तो आत आला आणि अंगणात पोहोचताच त्याने आम्हाला एका चादरीच्या दुकानापाशी नेऊन उभे केले. चादर चढवल्याशिवाय दर्शन पुरे होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सासूबाई भाविक असल्यामुळे त्यांनी मागेल ती किंमत दिली. ज्या जागेवर लोक इतक्या आर्ततेने येतात, तिथेच कोणी त्यांच्या श्रद्धेचा बाजार मांडावा, याचे मला आजही वाईट वाटते. नव्याने जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की राजवाड्यांच्या भागाला तिकीट आहे, पण मशिदीत आणि दर्ग्यात जायला काहीही द्यावे लागत नाही आणि चादरीची सक्ती कोणावरही नाही.

दुसऱ्या वेळी मी एकटीच गेले आणि सूफी संत शेख सलीम चिश्तींच्या कबरीपाशी तासभर बसले. अकबराला मूल होत नव्हते, तेव्हा या शेखांनी आशीर्वाद दिला आणि १५६९ मध्ये सलीमचा, म्हणजे पुढच्या जहांगीराचा जन्म झाला. शेख १५७२ मध्ये वारले आणि त्यांची कबर १५८०-८१ मध्ये पुरी झाली. सगळ्या लाल अंगणात ती एकच पांढरीशुभ्र वास्तू आहे. भोवतीच्या प्रदक्षिणामार्गाला संगमरवरी जाळ्या आहेत. एका जाळीपाशी डोळा नेऊन पाहिले, तर दगडाच्या अखंड पाटीतून कोरलेल्या षटकोनांच्या नक्षीतून बाहेरचे अंगण तुकड्यातुकड्यांनी दिसते आणि आत जमिनीवर तीच नक्षी उन्हाने उमटलेली असते. माझ्या शेजारी एक तरुण बाई जाळीला दोरा बांधत होती. तिचे बोट थरथरत होते आणि गाठ बसत नव्हती. मी जाळीच्या पलीकडून दोऱ्याचे टोक धरले आणि तिने गाठ मारली. आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

नगरी_माणूस
सर्व प्रतिसाद आवडले, पण एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. 'आपल्या मुलखाचे नाव कोरले आहे' या आनंदात मला सामील होता येत नाही. ते नाव सन्मानाने कोरलेले नाही, जिंकल्याची नोंद म्हणून कोरलेले आहे. त्याच मोहिमेत, ऑगस्ट १६०० मध्ये, अहमदनगरचा किल्ला पडला आणि चांदबीबीचा अंत झाला. बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडाला वेढा पडला, गडावर रोगराई पसरली, माणसे आणि जनावरे मेली, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. फारुकी घराण्याने तापीच्या खोऱ्यावर दोनशेहून अधिक वर्षे राज्य केले होते, ते तिथे संपले. शेवटचा सुलतान बहादूर याला कैदेत टाकले. आम्ही नगरकर त्या दरवाज्याखाली उभे राहिलो, तर आम्हाला त्याची उंची आणि आमचा पडलेला किल्ला, दोन्ही एकदमच आठवतात.

तापीकाठ
नगरी_माणूस, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि ते तुम्ही स्पष्ट लिहिलेत हे बरे झाले. मला त्या लेखाचा अभिमान वाटला असे नाही. वडिलांनी थाळनेरच्या फारुकी कबरी आम्हाला लहानपणी दाखवल्या होत्या. तापीकाठच्या त्या कबरींकडे आज फारसे कोणी फिरकत नाही. त्या राजघराण्याच्या शेवटाची नोंद इतक्या दूर, इतक्या उंचावर लिहिलेली पाहिली, तेव्हा जे वाटले त्याला अभिमान म्हणता येणार नाही. आपल्या घरातल्या कोणाचे तरी नाव परक्या गावात ऐकू आल्यावर माणूस चमकून वळून पाहतो, तसे झाले.

अक्षरओळख
लेखांचा विषय निघालाच आहे तर प्रार्थनागृहावरच्या लेखाचेही सांगतो. त्यात मशिदीचे वर्ष आकड्यात दिलेले नसून शब्दांत गुंफलेले आहे. ते शब्द आहेत 'सानी अल्‌मस्जिद अल्‌हराम', म्हणजे मक्केच्या पवित्र मशिदीची दुसरी प्रत. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेली किंमत असते आणि तिला अबजद म्हणतात. 'सानी' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज ५६१ येते, 'अल्‌मस्जिद'ची १३८ आणि 'अल्‌हराम'ची २८०. तिन्ही मिळून ९७९ होतात. हिजरी ९७९ म्हणजे मे १५७१ ते मे १५७२. आपल्याकडे जुन्या शिलालेखांत आणि पोथ्यांत 'नेत्र', 'बाण', 'समुद्र' अशा शब्दांनी शके मांडत असत, त्याच जातीचे हे कौशल्य आहे. ज्याने हे शब्द योजले त्याला अर्थही साधायचा होता आणि बेरीजही, आणि त्याने दोन्ही साधले.

मीनाक्षी_पुणे
आम्ही हिवाळ्यात आई-वडिलांना घेऊन जाणार आहोत. चढ आणि पायऱ्या कितपत आहेत? शुक्रवारी गेले तर चालेल का?

सुमती_दे
मीनाक्षी, बुलंद दरवाज्याच्या पायऱ्या पुष्कळ आणि उंच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आई-वडिलांना राजवाड्याच्या बाजूने, पूर्वेच्या बादशाही दरवाज्याने आत न्यावे आणि बुलंद दरवाजा अंगणातून दाखवावा. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जावे. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात फरशी अशी तापते की पाय ठेववत नाही, म्हणून हिवाळाच उत्तम. मोजे जरूर न्यावेत.

रावेरकर
मी रावेरचा आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्या मशिदीत जुम्म्याची नमाज पढलो आहे, म्हणून आतल्या बाजूचे थोडे सांगतो. बहुतेक पाहुणे दर्ग्यापर्यंत येतात आणि परततात, प्रार्थनागृहात फार थोडे जातात. मधल्या घुमटाखालच्या चौकोनी दालनात भिंतींवर रंगकाम आणि दगडात बसवलेली नक्षी आहे. मेहराबीच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, बाजूंनी रंगीत तुकडे अजून चमकतात. पण माझे मन रमले ते दोन्ही बाजूंच्या खांबांच्या दालनांत. तिथे कमानींऐवजी उंच दगडी खांब आणि त्यांवर आडव्या तुळया आहेत, तोडे आहेत, अगदी आपल्याकडच्या जुन्या देवळातल्या सभामंडपासारखे. ज्या कारागिरांचे हात पिढ्यान्‌पिढ्या असे खांब घडवत होते, त्यांनीच ही मशीद घडवली. रांगेत उभे राहिल्यावर माझ्या शेजारी गावातला एक म्हातारा होता. त्याने मला परका पाहून स्वतःच्या चटईवर जागा करून दिली. इमामांचा आवाज त्या खांबांमधून फिरून यायचा आणि मग कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू यायचा.

आता मूळ प्रश्नाशी जोडलेली एक गोष्ट. आमच्या रावेरहून बुऱ्हाणपूर जवळ आहे. तिथली जामा मशीद फारुकी सुलतान आदिलशहाने बांधली. तिच्यात अरबी लेखाच्या जोडीने संस्कृत लेखही आहे, त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ दिले आहे, म्हणजे १५९० चा आरंभ. अकबराने अशीरगड घेतला त्यानंतर त्याच मशिदीत त्याचाही फारसी लेख कोरला गेला. तो लेख मीर मुहम्मद मासूम भक्करी याचा आहे. हा कवी, इतिहासकार आणि अक्षरकार या मोहिमेत बादशहाबरोबर होता, आणि सिक्रीच्या मशिदीवरचे अक्षरही त्याचेच मानले जाते. म्हणजे आधी उभ्या असलेल्या इमारतीवर विजयाचा लेख कोरण्याचे काम त्याच माणसांनी, त्याच वर्षी, आमच्या बुऱ्हाणपुरात केले होते. गडवाटा यांच्या मताला यातून पुष्टी मिळते असे मला वाटते.

जुना_प्रवासी
मी १९७८ मध्ये विद्यार्थी असताना गेलो होतो. त्या वेळी दरवाज्याच्या शेजारच्या खोल विहिरीत मुले उंच भिंतीवरून उडी मारून दाखवत आणि पर्यटकांकडून नाणी मागत. माझ्या छातीत धस्स झाले होते. दरवाज्याच्या लाकडी फळ्यांवर घोड्यांच्या नालांची गर्दी होती. जनावर आजारी पडले की ते बरे व्हावे म्हणून शेतकरी नवस बोलून नाल ठोकून जात, असे एका गावकऱ्याने सांगितले. वर कमानीत मधमाश्यांची भली मोठी पोळी लोंबत होती. एवढ्या मोठ्या विजयाच्या दारावर कोणा शेतकऱ्याच्या आजारी बैलाचाही नाल आहे, हे मला फार जिव्हाळ्याचे वाटले होते.

नगर ओस पडले ते पाण्याअभावी, असे आम्हाला सांगितले होते. त्यावर जाणकारांनी लिहावे.

गडवाटा
पाण्याची अडचण होतीच, पण १५८५ मध्ये अकबराचा काबूलचा भाऊ मिर्झा हकीम वारला आणि वायव्य सरहद्द सांभाळण्यासाठी दरबार तिकडे हलवावा लागला. हे कारण मला अधिक पटते. जहांगीर १६१९ मध्ये आग्र्यात प्लेग असताना सिक्रीत येऊन तीन महिने राहिला होता. पाणी मुळीच नसते तर बादशहाचा लवाजमा तिथे राहिला नसता.

मूळ प्रश्नाकडे येतो. वास्तुरेषा यांनी सांगितलेले मापाचे निरीक्षण आणि रावेरकरांनी दिलेला बुऱ्हाणपूरचा दाखला यांमुळे मला माझेच म्हणणे थोडे सुधारून मांडावेसे वाटते. दरवाजा मशिदीनंतरचा आहे आणि लेख दरवाज्यानंतरचा असावा. परंतु लेखात गुजरातचे नावही नाही. बादशहाने ज्या विजयाची नोंद स्वतः त्या दगडावर करून घेतली तो खानदेशाचा आहे, आणि गुजरातचा विजय आपण त्याला परंपरेने जोडला आहे. माहितीफलकावर निदान या दोन्ही गोष्टी याव्यात.

नगरी_माणूस
त्याच दरवाज्यावर दुसराही लेख आहे, आणि तो वाचल्यावर माझा राग बराच निवळला होता. त्यात ईसा, म्हणजे येशू, यांच्या नावाने एक वचन दिले आहे, की हे जग एक पूल आहे, त्यावरून पार व्हा, पण त्यावर घर बांधू नका. विजयाच्या लेखाच्या बरोबरीने, मशिदीच्या दारावर, ख्रिस्ताच्या नावाने असे वचन कोरून घेणारा राजा मला साध्या जेत्यापेक्षा वेगळा दिसतो. खानदेश जिंकून परतताना त्याचे वय साठीकडे झुकले होते आणि थोरला मुलगा बंड करून बसला होता. ते वचन त्याने मनापासून घेतले असावे असे मला वाटते.

तापीकाठ
सर्वांचे आभार. हा धागा मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी रावेरकरांसाठी एक प्रश्न पाठवला आहे. लेखात 'दानदेस' आणि 'खानदेस' ही दोन्ही नावे आहेत. आम्ही काढलेल्या छायाचित्रात ती ओळखायची कशी? आम्हा दोघांनाही फारसी लिपी वाचता येत नाही.

रावेरकर
भाऊ, सरांना माझा सलाम सांगा. शहजादा दानियालला अकबराने तो सुभा दिला आणि त्याच्या नावावरून खानदेशाचे दानदेश केले. लिहिताना दोन्हींत फरक पडतो तो फक्त पहिल्या अक्षराचा. 'दान'मध्ये दाल, अलिफ, नून आणि 'खान'मध्ये खे, अलिफ, नून. पुढचे सगळे सारखे. दाल हे लहानसे, वाकड्या कोयत्यासारखे अक्षर आहे आणि त्यावर टिंब नसते. खे मोठे आणि डोक्यावर एक टिंब असलेले. छायाचित्र मोठे करून आधी शेवट सारखा असलेले दोन शब्द शोधा आणि मग त्यांची पहिली अक्षरे पाहा.

तापीकाठ
काल रात्री संगणकावर छायाचित्र मोठे करून दोघेही बसलो. शब्द एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे बराच वेळ गेला. शेवटी वडिलांना खेच्या डोक्यावरचे टिंब सापडले. त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि आईला हाक मारली.